मेमरीला हळदकुंकू

लग्नपत्रिका ही लोकांना लग्नाला बोलावण्यासाठी छापतात, असा माझा मुळशी तालुक्यातल्या नांदे गावी राहायला येईपर्यंत समज होता. आमच्या हिंगोलीकडे वधू, वर, मुहूर्त, स्थळ आणि माथ्यावर एक गणपती एवढ्यावर भागतं. मुळशीत पत्रिका निघते ती कुणाचं नाव कुणाच्या वर आहे हे गावाला एकदाचं कळावं म्हणून. आशीर्वाद, निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर माणसं खांद्याला खांदा लावून, खरं म्हणजे खांद्याला कोपर लावून उभी असतात. वधूवरांना मधे कुठेतरी जागा काढून देतात.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आमचे घरमालक गेणबा यांच्या एकुलत्या एक मुलीचं, गौतमीचं, मुठा गावच्या मुलाशी लग्न ठरलं. दुसऱ्याच दिवशी गेणबा जिना चढून आमच्या भाड्याच्या खोल्यांत आले आणि म्हणाले, "सायेब, घरात इंजिनेर असताना पत्रिकेसाठी भायेर कशापायी हिंडायचं?"

इंजिनेर म्हणजे मी. मी हिंजवडीच्या एका कंपनीत वाहतूक विभागात होतो. कुठल्या इंजिनियरनं कुठल्या बसमध्ये बसायचं हे ठरवणं माझं काम. पण मी स्वतः त्याच बसमधून उतरत असे, गळ्यात कंपनीचा पट्टा असे आणि घरात कंप्युटर होता. बाकीचं गावानं आपलं आपण ठरवून टाकलं. मी ते दुरुस्त केलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही.

मराठी टायपिंग येत होतं ते माझ्या बायकोला, सुलक्षणाला. ती कंप्युटरपुढे बसली, आणि तिच्या एका बाजूला गेणबा, दुसऱ्या बाजूला त्यांचे चुलतभाऊ हैबतराव. हैबतराव पुढच्या निवडणुकीत सरपंच होणार होते. निदान तसं ते प्रत्येक कपभर चहाला एकदा सांगत. या दोघांनी आमच्या बाहेरच्या खोलीत नावांवरून जे रण माजवलं त्याचं वर्णन करायला माझ्याकडे वेळ नाही. थोरला मामा आधी की धाकटा आतोबा आधी, यावरून एकदा चप्पल पायातून निघून हातापर्यंत आली होती. पण शेवटी क्रम ठरला. आणि माझी बसायची खुर्ची, माझा चहा आणि माझी शांतता यांच्या बदल्यात गेणबांनी स्वागतोत्सुकांच्या तळाशी एक नाव घालायला सांगितलं: 'इंजि. विश्रामराव घुगे'.

मी वरवर नको नको म्हणालो. नंतर सुलक्षणा भाजी निवडायला आत गेली की पडद्यावर ते नाव बघून यायचो. चार वर्षं त्या गावात राहत होतो, पण मला कुणी कधी लग्नाला 'या' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. आता मी येणाऱ्यांतला नव्हतो, स्वागत करणाऱ्यांतला होतो.

तेवढ्यात गेणबांना वाटलं की पत्रिकेवर कैलासवासी वडिलांचा फेट्यातला फोटो हवा. पीयूषनं तो ऑफिसातून स्कॅन करून आणून दिला. सुलक्षणानं तो बसवायला घेतला आणि कंप्युटर जागच्या जागी थिजला. परत सुरू केला, परत थिजला.

पीयूष हा आमच्या शेजारच्या खोलीतला भाडेकरू, अमरावतीचा. खराखुरा इंजिनियर. त्यानं उभ्या उभ्या निदान केलं. "काका, तुमची मेमरी कमी पडते. वाढवून घ्या."

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो आणि माझे सगळे केस काळे होते. काका हा शब्द गिळून मी विचारलं, "बसवून देशील?"

"मी टेस्टिंगमध्ये आहे, काका. आम्ही काय बिघडलंय तेवढं सांगतो. फिक्स दुसरी टीम करते."

माझं नाव विश्राम. ते ठेवणाऱ्या आत्याला मी अजून क्षमा केलेली नाही, कारण मला बसल्या जागी बसवत नाही. एखादं काम करायचं ठरलं की ते होईपर्यंत मी घरभर येरझाऱ्या घालतो, नळ घट्ट करतो, कॅलेंडर सरळ करतो. सुलक्षणा म्हणाली, "आधी पत्रिकेची एक प्रत फ्लॉपीवर काढून ठेवू." मी म्हणालो, "मग ती हार्डडिस्क कशाला आहे?" आणि त्याच संध्याकाळी पुण्याला जाऊन मेमरीची पट्टी घेऊन आलो. दुकानदारानं सांगितलं होतं, खाचेत बसवायची, दोन्हीकडच्या कड्या टक करून बसल्या की झालं.

शनिवारी मी कंप्युटरचा डबा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवा घातला आणि त्याची कूस उघडली. बघायला सगळं घर जमलं. मी पट्टी हातात घेतली, एवढ्यात गेणबांच्या मंडळी सगुणाबाई पुढे झाल्या.

"थांबा, सायेब. नवी वस्तू घरात आली, तशीच बसवता व्हय? आन ती बी पोरीच्या पत्रिकेसाठी?"

यात विरोध करण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्या कुकरलाही हळदकुंकू लागलेलं होतं, आणि दसऱ्याला याच कंप्युटरला मी स्वतः झेंडूची माळ घातली होती. सगुणाबाई ताट घेऊन आल्या. पट्टी हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी केली.

"ह्येचं तोंड कुटलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पट्टीच्या एका कडेला सोनेरी दातांची ओळ होती. इंजिनियर या नात्यानं मी तिच्यावर बोट ठेवलं. "हे."

"व्हय की. जरीची किनार हाय," असं म्हणून सगुणाबाईंनी बोट पाण्यात बुडवलं आणि त्या किनारीला या टोकापासून त्या टोकापर्यंत हळद लावली, कुंकू लावलं. मग त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "ती आतली जुनी ना? तिला बी काढा. नवीला लावलं आन जुनीला न्हाई, बरं दिसतं व्हय?"

मी जुनीही काढली. तिचंही तोंड दाखवलं. दोघींची ओटी भरल्यासारखी पूजा झाली, मी दोघींना खाचांत दाबलं, कड्या टक करून बसल्या, गेणबांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि मी बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. आतून एक लांब, केविलवाणा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"काय म्हनतंय?" गेणबांनी विचारलं.

"तपासतंय."

"कवापत्तूर?"

याचं उत्तर कंप्युटरनंच दिलं. तो थांबायला तयार नव्हता. मी बंद केला, चालू केला. फक्त नवी पट्टी ठेवली, फक्त जुनी ठेवली, हिची जागा तिला दिली, तिची हिला. प्रत्येक वेळी तोच टाहो. हळूहळू जिन्यावर माणसं जमायला लागली, आणि माणसं जमली की सल्ले येतात. गेणबा म्हणाले की ट्रॅक्टर असा आवाज करतो तेव्हा बॅटरी उतरलेली असते, धक्का मारून बघू का. हैबतराव म्हणाले की उन्हाळा आहे, ओलं पोतं टाका वरून. पीयूषला बोलावलं. त्यानं डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि गंभीरपणे अहवाल दिला, "काका, बीप होतोय."

इथपर्यंत हा फक्त माझ्या अब्रूचा प्रश्न होता आणि तिच्यावर ओरखडे घेऊन जगायची मला सवय आहे. पण दुपारी सुलक्षणा खालून वर आली ती चेहरा पाडून.

"सगुणाबाई जेवल्या नाहीत. देवापुढे बसून राहिल्यात. म्हणतात, पोरीच्या पत्रिकेचं यंत्र, आणि नारळ फुटताक्षणी ओरडायला लागलं. हा इशारा आहे. हे स्थळच नको म्हणतायत."

"काय सांगतेस!"

"गेणबाही त्यांच्याकडेच झुकलेत. आणि गौतमी न्हाणीघरात रडतीय. मुलगा तिला आवडलाय हो."

हैबतरावांना इशाऱ्यांशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी जिन्यातूनच जाहीर केलं, "सोमवारी सांजंपत्तूर पत्रिका पौडला छापखान्यात गेली तर गेली. न्हाई तर माज्या वळखीचा छापखाना हाय. नावं मी सांगतो." सोमवारनंतर लग्नसराईत छापखानेवाला आमच्याकडे ढुंकूनही बघणार नव्हता, हे खरं होतं. आणि हैबतरावांनी नावं सांगितली असती तर त्या घरात लग्नाआधीच भाऊबंदकी पेटली असती, हेही खरं होतं. तो सगळा ठरलेला क्रम या केकाटणाऱ्या डब्यात अडकला होता, आणि आता त्याच्यासोबत एका मुलीचं लग्नही.

रविवारी दुकान बंद. तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. घरातले सगळे नळ घट्ट झाले. सोमवारी रजा टाकून दोन्ही पट्ट्या घेऊन सकाळीच दुकानात हजर झालो. गॅरंटीच्या खिडकीवरच्या माणसानं पट्टी उजेडात धरली.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"आणि पिवळं?"

"हळद."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नियमांच्या पाटीकडे बोट केलं. "बाह्य पदार्थ लागलेला असेल तर गॅरंटी बाद."

"अहो, कुंकू हा काय बाह्य पदार्थ आहे?"

"मेमरीच्या आतून तर येत नाही ना?"

मी खिडकीतून हात घालून त्याच्याच टेबलावरचं खोडरबर उचललं आणि बाजूला उभा राहून दोन्ही पट्ट्यांचे दात घासायला लागलो. खोडरबर तांबडं झालं. घासता घासता शनिवारचा सगळा सोहळा माझ्या डोळ्यांपुढून गेला. तोंड दाखवणारं ते बोट कुणाचं होतं तेही दिसलं आणि माझे कान तापले. मी पट्ट्या पुन्हा खिडकीत सरकवल्या. त्यानं त्या त्याच्या यंत्रात लावल्या. यंत्र मुकाट्यानं सुरू झालं.

"तुमचा माल चांगला आहे," तो म्हणाला. "चांगल्या मालावर गॅरंटी मिळत नाही."

मी त्याला मिठीच मारणार होतो, पण मधे काच होती. स्कूटर दामटत नांद्याला आलो, पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. टाहो!

मी डोकं धरून सतरंजीवर बसलो आणि लगेच उठलो. पट्ट्या धुतल्या, पण ज्या खाचांत त्या बसतात त्यांच्यात हळदकुंकू शिरलेलं असणार. तिथे ना बोट जाई ना खोडरबर. फुंकून पाहिलं, तर माझ्याच डोळ्यांत कचरा गेला. मग मला फाट्यावरचं बहिरूचं पंक्चरचं दुकान आठवलं. त्याच्याकडे हवेचा मोठा पंप होता.

डबा स्कूटरवर धरायला मागे कुणीतरी हवं होतं. सुलक्षणा हैबतरावांना बाहेरच्या खोलीत चहावर थोपवून बसली होती. जिन्याखाली गौतमी उभी होती, डोळे सुजलेले. "मी धरते," ती म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत मागे बसली.

बहिरूनं ट्यूब खाली ठेवली आणि डब्याकडे निरखून पाहिलं. "सायेब, ह्याला किती हवा मारायची?"

"मार तुझ्या अंदाजानं. इथं, या फटींत."

त्यानं नळी लावली. फस्स झालं आणि त्या फटींतून पिवळा आणि तांबडा असा एक लहानसा ढग उडाला आणि समोर उभ्या असलेल्या गौतमीच्या ओढणीवर जाऊन बसला. तिनं ओढणी झटकली नाही. बोटानं ते टिपलं, पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, हे आईनं लावल्यालं."

"हो."

"म्हंजी त्यानंच बिघाड..."

"हो. पण आईला बोलायचं नाही."

तिनं बोट ओढणीला पुसलं. "आईला कळलं तर जलमभर मनाला लावून घील. माज्याच हातानं झालं म्हनंल."

"म्हणूनच सांगतोय. चल, धर डबा."

घरी आलो तेव्हा बाहेरच्या खोलीत दरबार भरला होता. गेणबा, हैबतराव, पीयूष. सगुणाबाई दारात, तोंडात पदराचा शेव. मी पट्ट्या बसवल्या, मनात हिंगोलीच्या आणि नांद्याच्या अशा सगळ्या देवांची नावं घेतली आणि बटण दाबलं. एक बारीक आवाज झाला, एकच, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हनतंय?" हैबतरावांनी विचारलं.

"मेमरी बदलली आहे, असं म्हणतोय."

"ते आमाला ठावं हाय की. शनिवारधरनं तेच चाललंय."

मी एक बटण दाबलं. कंप्युटर सुरू झाला. सुलक्षणानं पत्रिका उघडली. गणपती आला, वधूवर आले, आणि खाली सगळे मामा, आतोबा आपापल्या ठरलेल्या जागी शाबूत उभे होते. गेणबांनी छातीवर हात ठेवला.

"पन मग झालं काय हुतं?" हैबतराव म्हणाले.

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. सगुणाबाईंचेही.

"मीच पट्टी उलटी बसवली होती," मी म्हणालो.

"काका," पीयूष उत्साहानं पुढे आला, "ती उलटी बसूच शकत नाही, तिला मधे..." मी त्याच्या पायावर पाय दिला. माझ्या पायात बूट होते.

"उलटी बसवली होती," मी पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणालो. "माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

सगुणाबाईंच्या तोंडातून पदर सुटला. "म्हंजी तसला इशारा-बिशारा कायबी न्हवता?"

"इशारा कसला, सगुणाबाई? मला येत नाही, एवढंच."

त्या हसायला लागल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. हसत हसतच चहा टाकायला खाली गेल्या, आणि जिन्यातून त्यांचा आवाज आला, "गौतमे, आगं सायबांनी उलटं बसवलं हुतं!" मग जिन्यावरची सगळी मंडळीही हसली. मला फार लागलं ते. आपण एवढा त्याग करतो तेव्हा लोकांनी जरा कमी हसावं असं वाटतं.

हैबतराव हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते. "सरळ-उलटं कळंना आन म्हनं इंजिनेर! गावात वाचतील तर काय म्हनतील? त्ये नाव काढा. तितं माजा मेव्हणा बसतो."

मी गेणबांकडे पाहिलं. गेणबा आढ्याकडे पाहत होते. पीयूष आपला पाय चोळत होता. सुलक्षणाची बोटं थांबली, तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काढ," मी उदारपणे म्हणालो. अशा वेळी कुणीतरी 'नाही नाही, असं कसं' म्हणायची पद्धत आहे. कुणीही म्हणालं नाही. सुलक्षणा मागून एक एक अक्षर पुसत गेली. घुगे गेले, राव गेले, विश्राम गेला, नुसतं 'इंजि.' थोडा वेळ उभं राहिलं, मग तेही गेलं. मला हातपाय कुठे ठेवावेत कळेना म्हणून मी जाऊन कॅलेंडर सरळ केलं.

पौडच्या छापखानेवाल्याचा संध्याकाळी फोन आला. मजकूर फ्लॉपीत मिळाला म्हणाला, पण फोटो कशाला बसवायला गेलात, फोटो आम्हीच इथे बसवतो, मूळ फोटो सगळे हातानंच आणून देतात. मी फोन ठेवला आणि त्या विषयावर घरात बोलायला बंदी घातली. कच्ची प्रत हैबतरावांनी पाहिली. मेव्हण्याच्या नावापाशी बोट थांबवलं, समाधानानं मान हलवली आणि सही ठोकली.

पत्रिका छापून आल्या. मी त्या वाचणार नव्हतो, पण गेणबांनी ऑफिसात वाटायला दिलेल्यांपैकी एक वाचता वाचता शेजारच्या टेबलावरचा माणूस खदखदायला लागला. पत्रिकेच्या अगदी तळाला, पोराटोरांची नावं असतात ना, दुडदुडत्या बाळाच्या चित्राशेजारी, तिथे छापलं होतं: 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं! छकुली, बाळ्या, सोनू, पिंकी, विश्राम'.

ना इंजि., ना राव, ना आडनाव. दुधाचे दात पडायचे असलेल्या चार पोरांच्या मागे मी, अडतीस वर्षांचा! संध्याकाळी घरी जाऊन मी पत्रिका सुलक्षणापुढे आपटली.

"हे कुणी केलं?"

"गौतमीनं सांगितलं. मी नुसतं टाइप केलं."

"स्वागतोत्सुकांतून काढून बालवाडीत घातलं मला!"

"मग तिलाच विचारा ना का ते."

मी विचारलं नाही. मलाही काही मान आहे. लग्नापर्यंत मी गौतमीशी मोजकंच बोललो आणि लग्नाच्या दिवशी मांडवात मागच्या खांबापाशी हाताची घडी घालून उभा राहिलो. जो तो पाहुणा मला ओळखत होता. "तुमीच का त्ये बाळ्या-सोनूतले?" असं विचारून जात होता.

मंगलाष्टकं झाली, होम पेटला. भटजींनी मान वर केली. "मुलीचा भाऊ कुठंय? नवऱ्या मुलाचा कान पिळायला या."

एकुलत्या एक मुलीच्या मांडवात या प्रश्नानं सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हैबतराव लगेच पुढे सरसावले. "आमचा इंद्रजित हाय की. चुलतभाऊ. ये रं, इंद्रजित."

तेव्हा गौतमी बोलली. मुंडावळ्या बांधलेली नवरी सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "विश्रामदादाला बोलवा."

"भाडेकरू कान पिळनार?" हैबतराव उखडले.

गेणबा या वेळी आढ्याकडे पाहत नव्हते. "हैबती, पत्रिकेत तिच्या भावंडांत छापलंय त्यांचं नाव. वाचून सही कुनी केली?"

हैबतराव इंद्रजितला घेऊन मागे सरले. मला कुणीतरी मागून ढकललं, बहुतेक सुलक्षणानं. होमाच्या धुरातून मी पुढे कसा गेलो ते आठवत नाही. सगुणाबाईंनी माझ्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं. गौतमी खाली बघत होती आणि तिचे खांदे हलत होते, हसत होती की रडत होती कळेना. मी वाकलो आणि मुठ्याच्या त्या मुलाचा कान धरला. तिला नीट सांभाळ, असं काहीतरी म्हणायचं असतं, ते राहूनच गेलं. मला इतकं भरून आलं होतं की मी तसाच उभा राहिलो, कान धरून.

शेवटी त्या मुलानंच हळूच वर बघून विचारलं, "दादा, आता सोडताय ना?"